ओरखडा नव्हता तो

पत्र आलं तेव्हा लवंगी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाटाणे सोलत होती. पाकीट लेकीने फोडलं आणि पत्रही लेकीनेच वाचलं. लवंगीचा उजवा डोळा जवळजवळ गेलेला होता, आणि डाव्याने ठळक मथळ्यांपलीकडे काही लागत नसे.

"संस्थेकडून आहे गं आई. तुमच्या सरांची जन्मशताब्दी आहे. सूक्ष्मदर्शकांच्या जुन्या खोलीचं संग्रहालय करतायत. फलकावरचा पडदा तू ओढायचा आहेस."

"काय लिहिलंय फलकावर?"

लेक थांबून थांबून वाचू लागली. "'ह्याच खोलीत सरांनी जगातला पहिला फाटा ओळखला. तो प्रथम नजरेस पडला तो...' पुढे तुझं नाव आहे, आई. अख्खं नाव."

"पहिला?"

"हो, पहिला."

वाटाण्यांचं भांडं टेबलावरून जमिनीवर गेलं. मुद्दाम ढकललं की हात लागून पडलं, ते लेकीला शेवटपर्यंत कळलं नाही. दाणे फ्रीजखाली गेले, दाराबाहेर गेले, आणि लवंगी त्यांच्याकडे न बघता ओरडली, "पहिला म्हणे! अठ्ठावन्न वर्षं झाली, आणि अजून तेच खोटं! वर माझ्या नावाचं ठिगळ लावून!"

एकोणऐंशी वर्षांच्या आईचा आवाज एवढा चढलेला लेकीने बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. तिला वाटलं होतं, आई खूश होईल.

लवंगी हे अर्थात टोपणनाव. उंची जेमतेम पावणेपाच फूट, अंगाची काडी, आणि तोंड उघडलं की समोरच्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी. नाव ठेवलं होतं घारीने, आणि घारीला घारी हे नाव ठेवलं होतं लवंगीने. तिचे डोळे घारे होते म्हणून, आणि तिच्या नजरेतून काही सुटत नसे म्हणूनही.

दोघींची गाठ पडली ती त्या खोलीत. त्याआधी लवंगी कापडगिरणीत तपासणीच्या टेबलावर होती. समोरून कापड सरकत जायचं, त्यातला तुटका धागा, गाठ, डाग दिसला की खडूची खूण करायची. दोन वर्षं तिने तेवढंच केलं. मग वर्तमानपत्रात जाहिरात आली: भौतिकशास्त्राच्या संस्थेत मुली पाहिजेत, विज्ञान येण्याची गरज नाही, नजर तीक्ष्ण हवी आणि बूड जागेवर राहायला हवं. शब्द अर्थात जास्त सभ्य होते, पण मतलब तोच. परीक्षा म्हणून तिला ठिपक्यांनी भरलेला कागद दिला, आणि वेगळे ठिपके किती ते विचारलं. लवंगी म्हणाली, "सतरा. आणि हा अठरावा छापताना फुटलाय, तो धरायचा का?" दुसऱ्या सोमवारी ती कामावर होती.

खोलीत बारा सूक्ष्मदर्शक होते, दोन रांगांत. खिडक्यांना जाड पडदे. प्रत्येकीपुढे एक काचेची प्लेट, पोस्टकार्डाएवढी, आणि तिच्यावर मसाला लावलेला, छायाचित्राच्या फिल्मवर असतो तसा, पण कितीतरी जाड. ह्या प्लेटा उंच डोंगरावरच्या एका झोपडीत महिनोन्‌महिने ठेवलेल्या असायच्या. आकाशातून येणारे कण त्यांच्यातून आरपार जायचे आणि जाताना मसाल्यात बारीक काळ्या दाण्यांची रेघ सोडायचे. मुलींनी त्या रेघा शोधायच्या. डाव्या हाताने चाक फिरवलं की नजर मसाल्यात खोल उतरायची, थरामागून थर. उजव्या हाताने प्लेट सरकवायची, केसाच्या रुंदीएवढी. एक प्लेट संपायला तीन आठवडे लागायचे. संध्याकाळी घरी जाताना रस्त्यावरचे दिवेही रेघांसारखे दिसायचे, आणि मान वळवायची तर अख्खं अंग वळवावं लागायचं.

जे दिसेल ते नोंदवहीत लिहायचं: प्लेटचा आकडा, जागा, रेघेचं चित्र, खाली आद्याक्षरं. नोंद चुकीची ठरली तर ती जिने केली तिनेच आडवी रेघ मारून खोडायची आणि शेजारी सही करायची. दुसऱ्या कुणी नोंदवहीला हात लावायचा नाही. हा नियम सरांचा.

आणि दुसरा नियमही सरांचाच: मुलींना सिद्धान्त सांगायचा नाही. काय सापडायला हवं हे माहीत झालं की डोळे तेच शोधतात, असं त्यांचं म्हणणं होतं. तसं पाहिलं तर शहाणपणाचंच. पण ते एका वार्ताहराला म्हणाले, "ह्या मुली म्हणजे आमचे डोळे," आणि वर्तमानपत्रात ते छापून आलं, तेव्हा सगळ्या जणी हरखल्या. एकटी घारी म्हणाली, "डोळ्यांना डोकं असतं म्हणावं. मागेच असतं, फार लांब नसतं."

सर वाईट माणूस असते तर लवंगीचा राग सोपा झाला असता. ते एका पोस्टमास्तरचे चिरंजीव. लहानपणी इतके अडखळत बोलायचे, की शाळेतल्या मास्तरांनी त्यांना प्रश्न विचारणंच सोडलं होतं. सव्विसाव्या वर्षी त्यांनी बारा पानांचा लेख लिहिला आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी कान टवकारले. सांगणं असं होतं: मोठा कण मोडून लहान कण होतात तेव्हा मोडणारा कणही आपल्या येण्याची रेघ सोडतोच. न दिसणारा पाहुणा ह्या घरात येऊ शकत नाही. त्या लेखावर सर पुढची सोळा वर्षं उभे होते. कोपरावर रफू केलेला स्वेटर घालून ते संस्थेत यायचे, मुलींच्या खुर्च्यांना पाठ नाही हे त्यांनीच पाहिलं आणि बदलून घेतल्या. लवंगीची आई इस्पितळात होती तेव्हा त्यांनी रोज आपली गाडी पाठवली. खोलीतल्या निम्म्या मुली मनातल्या मनात त्यांच्या प्रेमात होत्या. लवंगीही. नंतर तिला ह्याचाच सगळ्यात जास्त संताप यायचा.

तो फाटा घारीला दिसला एका गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीआधी. तिने शेजारच्या लवंगीला कोपराने ढोसलं.

"ये. माझ्या जागेवर बस. काही बोलू नकोस, नुसतं बघ."

लवंगीने डोळा लावला. मसाल्याच्या मधोमध, जिथे आजूबाजूला काही नव्हतं, तिथून दोन रेघा निघाल्या होत्या. रस्ता दोन वाटांत फुटावा तशा. पण फुटण्याआधीचा रस्ताच नव्हता.

"बुंधा कुठाय?" लवंगीने विचारलं.

"तेच तर. सकाळपासून शोधतेय. बुंधा नाहीये. आभाळातून पडल्यासारख्या दोन फांद्या."

घारीने चित्र काढलं, आकडे लिहिले, शेजारी मोठ्या अक्षरांत 'बिनबुंध्याचा फाटा' असं लिहून सही ठोकली. शनिवारी सर फेरीला आले. सूक्ष्मदर्शकावर वाकले, मिनिट-दोन मिनिटं पाहिलं, सरळ झाले.

"ओरखडा आहे."

"ओरखडा वरच्या वर असतो, सर," घारी म्हणाली. "चाक अर्धं फिरवलं की नाहीसा होतो. ही डावी रेघ खाली खाली उतरतेय आणि उजवी वर चढतेय. मी बारा थर मोजलेत. ओरखडा खड्ड्यात कसा उतरेल?"

खोलीतली सगळी चाकं थांबली. सर हसले. त्यांचं हसणं छान होतं.

"तुम्ही पाहा. वि-विचार आम्ही करू. नोंद खोडून टाका."

"खोडायची तर का खोडायची ते समजायला नको का, सर?"

सर पुढच्या टेबलाकडे गेले. पण घारीने नोंद खोडली नाही. सोमवारी खोलीवर देखरेख करणाऱ्या मोठ्या बाईंनी सांगून पाहिलं, बुधवारी दटावून पाहिलं. घारीचं एकच पालुपद: "माझी सही आहे. मला दिसलंय ते मी खोटं कसं म्हणू?" शुक्रवारी सरांनी लवंगीला आपल्या खोलीत बोलावलं.

टेबलावर कागदांचा ढिगारा होता. सरांनी स्वतः उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली, आईची तब्येत विचारली. मग म्हणाले, "त्या दिवशी तुम्हीही त्या प्लेटमध्ये पाहिलंत म्हणे. तुम्हालाही त-तसंच दिसलं का?"

त्यांच्या आवाजात दमदाटी नव्हती, उलट थकवा होता. लवंगीच्या डोळ्यांसमोर गिरणीचं टेबल आलं, ते सरकणारं कापड, तो खडू. ते खरंच. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती: आपण हो म्हणालो तर ह्या भल्या माणसाला वाईट वाटेल. अख्ख्या गल्लीत जिच्या जिभेला लोक वचकून असत, ती लवंगी त्या खुर्चीत बसून म्हणाली, "नीट आठवत नाही, सर."

"मग ओरखडा असू शकतो?"

"असू शकतो."

घारीला त्याच दिवशी काढून टाकलं. कारण दिलं शिस्तभंगाचं. नोंद मात्र तशीच राहिली होती, आणि खोडायची तर शोधणाऱ्या मुलीनेच, असा नियम. मोठ्या बाईंनी तोड काढली: ती प्लेट लवंगीच्या नावावर चढवली. आता शोधणारी लवंगी. तिने पट्टी ठेवून, शाईने, घारीच्या सहीवरून आडवी रेघ ओढली आणि शेजारी स्वतःची आद्याक्षरं घातली. घारी तेव्हा दाराशी उभी राहून पिशवीत डबा आणि छत्री भरत होती. तिने पाहिलं. लवंगीनेही तिला पाहताना पाहिलं. रद्द झालेल्या प्लेटा तळघरात गरम पाण्याने धुऊन काच परत वापरायला द्यायचे. ती प्लेटही धुतली गेली.

त्यानंतर चौदा महिन्यांनी सर फेरीला आले ते दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले असे. त्यांचं गणित जमेना झालं होतं. काही केल्या हिशेब जुळत नव्हता, आणि जुळवायचा तर एकच मार्ग उरला होता: न दिसणारा पाहुणा मान्य करायचा. सोळा-सतरा वर्षं ज्या म्हणण्यावर नाव कमावलं ते स्वतःच्या हाताने मोडायचं. ते त्यांनी मोडलं. पुष्कळांना हे जमत नाही, आणि लवंगीनेही ह्याबद्दल त्यांना कधी नावं ठेवली नाहीत. पण मग त्यांनी खोलीच्या मधोमध उभं राहून सांगितलं, "आजवर मी तुम्हाला काय शोधायचं ते कधी सांगितलं नाही. आज सांगतो. दोन रेघा, एकाच जागेतून निघालेल्या. येणारी रेघ नाही." आणि फळ्यावर चित्र काढलं.

लवंगीने ते लगेच ओळखलं. ते घारीचं चित्र होतं. रेषेला रेष.

नवव्या दिवशी तिला तसा फाटा सापडला. सापडणारच, कसा दिसतो हे त्या खोलीत तिच्याएवढं कुणाला माहीत होतं? सर धावत आले, पाहिलं, आणि रडले. खरोखर रडले. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा लवंगी म्हणाली, "सर, हा दुसरा आहे. पहिला तिने दाखवला होता."

"कुणी?"

"घारीने. तुम्ही ओरखडा म्हणालात तो."

सरांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग ते म्हणाले, "ती प्लेट आहे का?"

"धुतली."

"मग काय करणार? नसलेली प्लेट शास्त्रात दाखवता येत नाही." आणि ते पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकले.

लेख छापून आला. शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत लवंगीचे आभार होते, 'चिकाटीने केलेल्या निरीक्षणाबद्दल'. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. सरांना जगातला मोठ्यात मोठा मान मिळाला. जे दिसत नाही ते त्याच्या मोडण्यातून ओळखायचं, ह्या त्यांच्या विचारावर मैल-मैल लांबीची यंत्रं जमिनीखाली उभी राहिली, हजारो पोरापोरींनी त्यावर पदव्या घेतल्या. रस्त्याला त्यांचं नाव मिळालं. संस्थेच्या दारात त्यांचा पुतळा बसला, एक हात सूक्ष्मदर्शकावर. लवंगी म्हणायची, "आयुष्यात सलग दहा मिनिटं बसले नाहीत हो त्यावर!" शाळेच्या पुस्तकात धडा आला. लेक सातवीत असताना तो मोठ्याने पाठ करत होती, 'सरांनी स्वतः रात्रंदिवस डोळ्यांचं पाणी करून...', तेव्हा लवंगीने पुस्तक हातातून हिसकावून घेतलं होतं. का, ते मात्र सांगितलं नव्हतं.

घारीकडे ती गेली होती, लेख आल्यावर लगेच. घारी तेव्हा एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लागली होती, रक्ताच्या काचा तपासायला. तिने दार उघडलं, पण उंबरठ्यातून बाजूला झाली नाही. लवंगीने सगळं सांगितलं: फळ्यावरचं चित्र, नववा दिवस, सरांचं रडणं.

"मग? आता मी नाचू का?"

"अगं, तू खरी होतीस. सिद्ध झालं ते."

"मी खरी आहे हे मला त्याच दिवशी माहीत होतं. तुलाही होतं." घारे डोळे हलले नाहीत. "सर चुकले, ठीक आहे, त्यांच्या डोक्यात त्यांचा सिद्धान्त होता. तुझ्या डोक्यात काय होतं गं? तू म्हणालीस, आठवत नाही. आठ दिवसांपूर्वीचं आठवत नव्हतं तुला?"

दार लागलं. मग लग्न, लेक, नवऱ्याचं आजारपण आणि जाणं, निवृत्ती. ह्या सगळ्यात दोघी एकाच शहरात राहून पुन्हा भेटल्या नाहीत. घारीने तीस वर्षं त्या काचा तपासल्या, आणि तिच्या नजरेमुळे वेळेत उपचार होऊन माणसं उठून घरी गेली, एवढं कानावर यायचं. अकरा वर्षांपूर्वी ती गेली. लवंगीने बातमी वर्तमानपत्रात वाचली, तीन ओळींची.

हे सगळं लवंगीने लेकीला सांगितलं ते त्या दिवशी, जमिनीवरचे वाटाणे वेचता वेचता. लेक एका औषधाच्या दुकानात काम करते, शांत डोक्याची आहे. ऐकून म्हणाली, "मग जाऊच नकोस."

"न जाऊन कसं चालेल? न बोलून तर इथवर आलं हे!"

दुसऱ्या दिवशी दोघी संस्थेत गेल्या. दप्तर सांभाळणारी एक तरुण मुलगी होती, कामाची हौस असलेली. तिने पांढरे हातमोजे घालून ती नोंदवही आणली. पान सापडायला वेळ लागला नाही. शाई तपकिरी झाली होती, पण आडव्या रेघेखालचं सगळं वाचता येत होतं. लेकीने वाचलं: 'बिनबुंध्याचा फाटा.' मग ती थबकली. "आई, खोडणाऱ्याच्या जागी तुझी अक्षरं आहेत."

"हो. मग कालपासून काय सांगतेय? दाखव, बोट कुठे ठेवायचं ते."

लेकीने आईचं बोट त्या ओळीवर नेऊन ठेवलं. पुढे जे झालं ते इतक्या झटक्यात झालं की त्या मुलीला अडवायला जमलं नाही. लवंगीने पर्समधून पेन काढलं आणि चाचपडत, वेड्यावाकड्या अक्षरांत, ओळीखाली लिहिलं: 'ही नोंद खरी आहे. मी ती भिऊन खोडली.' खाली तारीख आणि सही.

"आजी! हे काय केलंत? हा ऐतिहासिक दस्तऐवज आहे!" मुलगी रडकुंडीला आली.

"असू दे की. जिने खोडलं तिनेच दुरुस्त करायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तुमच्या सरांचाच नियम आहे. विचार कुणालाही."

संध्याकाळी संचालकांचा फोन आला. चाळिशीचा माणूस, गोड बोलणारा. त्याने आधी तब्येत विचारली, मग दस्तऐवजाचं गांभीर्य सांगितलं, मग म्हणाला, "आजी, तुमच्या भावना मी समजू शकतो. त्या काळी असं व्हायचं."

"त्या काळी काय व्हायचं? काळ येऊन बसला होता का खुर्चीत? सर बसले होते आणि मी बसले होते. काळाच्या डोक्यावर कशाला फोडता खापर?"

"पण त्या बाईंच्या प्लेटचा पुरावाच नाही."

"नोंद आहे. सही आहे. मी जिवंत आहे. अजून काय हवं तुम्हाला? का मीही धुऊन टाकायची तळघरात?"

संचालकांनी विचार करून कळवतो म्हटलं. दोन दिवसांनी चिठ्ठी आली: आपल्या प्रकृतीचा विचार करता आपल्याला कार्यक्रमाला येण्याची तसदी देत नाही.

"माझी प्रकृती!" लवंगी कडाडली. "रस्ता ओलांडताना कुणी विचारत नाही माझी प्रकृती!"

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ती लेकीला घेऊन अर्धा तास आधी पोचली आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. इतकी लहानखुरी म्हातारी कुणाच्या लक्षातही आली नाही. भाषणं झाली. सरांच्या बालपणाची फिल्म दाखवली. सरांचा मुलगा, आता तोही साठी उलटलेला, बापाच्या आठवणी सांगून गेला. मग संचालक उठले आणि म्हणाले, की पहिला फाटा जिच्या नजरेस पडला त्या आजी आजारपणामुळे दुर्दैवाने येऊ शकल्या नाहीत.

"मी ठणठणीत आहे!"

माना वळल्या. लवंगी उभी राहिली होती, पण उभी राहूनही ती बसलेल्यांच्या डोक्यांवर जेमतेम दिसत होती, म्हणून लेकीचा हात धरून ती खुर्चीवरच चढली.

"आणि पहिला फाटा माझ्या नजरेस पडलाच नाही. तो पडला माझ्या मैत्रिणीच्या. तिला घारी म्हणायचे, अख्खं नाव तुमच्या नोंदवहीत आहे, जाऊन वाचा. सरांनी दोन मिनिटं बघितलं आणि ओरखडा म्हणाले. ती म्हणाली, ओरखडा खाली उतरत नाही. तिला बाहेर काढलं. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, आठवत नाही. आठवत होतं! आजही आठवतंय! डावी रेघ खाली, उजवी वर! मी तिच्या सहीवर काट मारली आणि ती दारात उभी राहून बघत होती. आणि तुम्ही माझं नाव फलकावर घालता? लाज वाटते मला. तुम्हालाही वाटली पाहिजे."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. सरांचा मुलगा उभा राहिला होता, चेहरा लालबुंद. "माझ्या वडिलांनी आयुष्यात कुणाचं काही चोरलं नाही! तुम्ही त्यांच्या मागे असं..."

"चोरलं कोण म्हणतंय?" लवंगी त्याच्याकडे वळली. "तुझे वडील चांगले होते रे बाबा. माझ्या आईसाठी गाडी पाठवायचे. म्हणून तर माझी जीभ टाळ्याला चिकटली! वाईट असते तर मी तिथेच चार शब्द सुनावून बाहेर पडले असते. ते चांगले होते, हुशार होते, चूक दिसल्यावर स्वतःचं अख्खं म्हणणं मोडायची धमक होती त्यांच्यात. पण ते मोडलं ते स्वतःच्या गणितापुढे. एका पोरीने बारा थर मोजून दाखवले, तेव्हा नाही मोडलं. तेव्हा हसले."

मागच्या रांगेतून एकीने टाळी वाजवली, मग थांबली, कारण बाकी कुणी वाजवेना. लवंगी लेकीचा हात धरून खुर्चीवरून उतरली. दोघी मधल्या वाटेने बाहेर गेल्या. फलकावरचा पडदा संचालकांनीच ओढला.

वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी थोडं आलं, आतल्या पानावर. एकाने मथळा दिला, 'शताब्दी सोहळ्यात आजींचा भावनिक उद्रेक'. लेकीने वाचून दाखवल्यावर लवंगी म्हणाली, "भावनिक काय त्यात? थर मोजले होते आम्ही." संस्थेने समिती नेमली, लवंगीने तिच्यापुढे जबाब दिला. समितीने चार महिने घेतले आणि निर्णय दिला, की नोंदवहीतली नोंद 'लक्षणीय' आहे, मात्र प्लेट उपलब्ध नसल्याने निश्चित काही म्हणता येत नाही. फलकावरून 'पहिला' हा शब्द काढला. लवंगीचंही नाव काढलं, तिनेच तसं लिहून दिलं होतं. घारीचं नाव घातलं नाही. सरांचा हात पुतळ्याच्या सूक्ष्मदर्शकावर आहे तिथेच आहे.

मग एका रविवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. बाहेर पन्नाशीची एक बाई उभी होती. लेकीने दार उघडलं, आणि ती काही विचारायच्या आधीच आतून लवंगी म्हणाली, "कोण आहे गं?"

"मी घारीची मुलगी."

लवंगी उठून पुढे आली. डाव्या डोळ्याने तिने पाहायचा प्रयत्न केला, पण दारातल्या उजेडात तिला फक्त एक उंच आकृती दिसली. डोळ्यांचा रंग कळला नाही.

"आमच्या घरात तुमचं नाव घ्यायची चोरी होती," ती बाई म्हणाली. "आई तुम्हाला माफ केल्याचं कधी म्हणाली नाही. मी तिच्या वतीने करणार नाही. ते करायला आलेच नाहीये मी."

"नकोच करूस," लवंगी म्हणाली. "मी माफी मागितली असती तर तिच्याकडे मागितली असती. ती होती तोवर माझी हिंमत झाली नाही, आता तुझ्याकडे कशाला मागू?"

बाई म्हणाली, "तुम्ही समितीला दिलेला जबाब मला लिहून हवा. सही करून. मी वकिलांशी बोलले आहे. पाठ्यपुस्तक मंडळाला पत्र घालायचंय."

"आत ये," लवंगी म्हणाली. "टेबलाशी बस. मी सांगते, तू लिही. आणि बघ, मी सांगताना कुठे स्वतःला वाचवायला लागले तर तिथेच थांबव मला. लाजू नकोस, ओरड खुशाल."

ती आत आली. खुर्ची ओढून बसली, पेन काढलं. लेकीने चहा ठेवला. लवंगीने सांगायला सुरुवात केली, आणि तिसऱ्याच वाक्याला ती बाई म्हणाली, "थांबा. 'आठवत नाही, असं मला सांगायला लावलं' असं नका म्हणू. तुम्ही सांगितलंत."

"बरोबर," लवंगी म्हणाली. "मी सांगितलं. तसंच लिही."